लोखंडी कढईतला हिरडा

कीर्तनाला नारदाच्या गादीवर एकदा पाय ठेवला की आरती होईपर्यंत बसायचं नाही. गोपिकाबाईंना हे त्यांच्या गुरूंनी, कळमेश्वरच्या आबांनी, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी आबांनी हातात हिरड्याची पुडी ठेवली. उभं राहणं देवासाठी, हिरडा गळ्यासाठी. आबा देवाघरी गेले, पण बाईंनी दोन्ही गोष्टी सोडल्या नाहीत. सकाळी हिरड्याचा काढा, आणि दिवसभर गालात हिरड्याचा तुकडा. त्यांचा आवाज असा की मंडपामागे चपला सांभाळणाऱ्यालाही पूर्वरंगातला शब्दन् शब्द कळावा.

यंदा मात्र दिवाळीपासून बाईंना दम लागू लागला. डॉक्टरांनी रक्त तपासलं, कमी निघालं. लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. बाईंनी त्या नेमाने, सकाळच्या काढ्याबरोबरच घेतल्या. पुन्हा तपासलं तर रक्त होतं तिथेच, तसूभर वर नाही. महाशिवरात्रीच्या कीर्तनात आख्यान रंगात आलं आणि बाईंचा तोल गेला. पेटी वाजवत होते ते त्यांचे यजमान रुपराव. त्यांनी पेटी सोडून बायकोला सावरलं. कीर्तन तिथेच थांबलं. देवाच्या दारी अर्धवट राहिलेलं ते बाईंचं पहिलंच कीर्तन.

आठवड्याने वस्तीतल्या राममंदिराचे अध्यक्ष आनंदराव घरी आले. चहा संपला तरी ते मुद्द्यावर येईनात.

"बोला ना भाऊ," गोपिकाबाई म्हणाल्या, "घशात काहून अडकून राहिलं?"

"ताई, रामनवमीले आपण खुर्ची ठेवू. बसून करा कीर्तन. रामजी काही रागावत नाही."

"रामजी नाही रागावत. मले चालत नाही."

"अन् पुन्हा चक्कर आली तं? डॉक्टर काय म्हणाले, मले रुपरावनं सांगतलं हाय."

बाईंनी रुपरावांकडे पाहिलं. रुपराव छताकडे पाहू लागले. डॉक्टर म्हणाले होते, पुढच्या तपासणीतही रक्त वाढलं नाही तर शिरेतून औषध द्यावं लागेल, आणि तोवर तासन्‌तास उभं राहायचं नाही.

"तपासणी होऊ द्या," बाई म्हणाल्या. "रक्त वाढलं तं उभी राहीन. नाही वाढलं तं दुसरा कीर्तनकार पाहा. पण गादीवर खुर्ची नाही."

त्या दिवसापासून बाई रक्त वाढवायच्या मागेच लागल्या. लोखंडाच्या भांड्यात शिजवलं की लोह मिळतं, असं शेजारणीने सांगितलं. बाईंनी माळ्यावरची लोखंडी कढई काढली, घासली, आणि काढा तिच्यात उकळायला सुरुवात केली. काढा काळाकुट्ट झाला. बाईंना केवढा आनंद! जितका काळा, तितकं लोह उतरलं, हा त्यांचा हिशेब. त्या काळ्या काढ्याबरोबरच त्या गोळी गिळत. गोळीने पोट बांधलं जाई, आणि त्यावर हिरड्यासारखा दुसरा उपाय नाही. म्हणून हिरडाही वाढवला. सगळं कसं जमून आलं होतं.

लेक काजल मिहान औद्योगिक वसाहतीतल्या औषधांच्या कारखान्यात तपासणीचं काम करायची. एरवी ती पहाटेच कामावर निघायची. पुढच्या रविवारी ती घरी होती आणि आईला गोळी घेताना तिने पहिल्यांदाच पाहिलं.

"आई, हे काय पिऊन राहिली तू?"

"लोखंड," बाई अभिमानाने म्हणाल्या.

काजलने पेला घेऊन वास घेतला, कढईत डोकावली, आणि मटकन खाली बसली. "माय वं! रोज असंच घेते? गोळी याच्यासंगं?"

"मग कायच्यासंगं घेऊ? गळाबी नीट राह्यते, पोटबी साफ राह्यते, रक्तबी वाढते."

"रक्तच तं वाढून नाही राहिलं ना!"

काजलने स्टीलच्या पातेल्यात हिरडा उकळून गाळून घेतला. पिवळसर पाणी निघालं. आईची एक गोळी कुटून तिने ती पूड त्यात टाकली आणि चमचा फिरवला. पाणी आधी निळसर, मग बघता बघता काळं झालं.

"अरे, ही तं शाई झाली!" रुपराव म्हणाले.

"शाईच, बाबा. पूर्वी हिरडा अन् हिराकस, म्हणजे लोहाचाच क्षार, मिळवूनच शाई करत. हिरड्यात टॅनिन असते. तुरट लागते ना, तेच ते. जिभेवर टाकलं की थुंकीतलं प्रथिन धरून ठेवते, म्हणून तोंड कोरडं पडल्यासारखं वाटते. पोटात गेलं की लोहाले धरते. असं घट्ट धरते की आतड्याले ते घेताच येत नाही. जसं आलं तसं बाहेर. कढईतलं लोखंड त्यानं धरलं, गोळीतलंबी धरलं. तुले काय मिळालं? रंग."

गोपिकाबाईंनी चमचाभर काळं पाणी उचलून उजेडात धरलं. मग म्हणाल्या, "म्हणजे मी महिनोन्‌महिने शाई पिऊन राहिली. पोटात अख्खी पोथी लिहून झाली असंन."

रुपराव हसले, काजल हसली. बाई मात्र हसल्या नाहीत. "आबानं दिलेला हिरडा वाईट आहे म्हणते तू?"

"नाही गं. गळ्याची सूज उतरते त्यानं, दाताच्या हिरड्या घट्ट होतात. आबा बरोबरच होते. पण आबाले लोहाची गोळी कुठं होती? सकाळी लिंबूपाण्यासंगं गोळी घे. लिंबानं लोह चांगलं लागते. अन् हिरड्याले दुपारपर्यंत हात लावू नको. चहालेबी नाही. त्यातबी टॅनिनच. पोट बांधलं तं डॉक्टरलेच विचारू."

"सकाळी रियाज असते माहा. हिरड्याबिगर गळा चालंन?"

काजलने हिरड्याचा डबा उचलून फडताळाच्या वरच्या कप्प्यात ठेवला.

पहिले काही दिवस बाईंना जड गेले. गालातला तुकडा नसला की तोंडात काहीतरी हरवल्यासारखं व्हायचं. सकाळचा सूर खरखरायचा, वरचा षड्ज तर हातातून निसटायचाच. रुपराव पेटी एक पट्टी उतरवून द्यायचे. बाई ती पुन्हा चढवायला लावायच्या. दम लागणं मात्र कमी होऊ लागलं. जिना चढून आल्यावर बाई भिंत धरेनाशा झाल्या. तपासणी झाली. रक्त पुरतं भरलं नव्हतं, पण बऱ्यापैकी चढलं होतं. डॉक्टर म्हणाले, कीर्तन करा, पण आटोपतं.

रामनवमीला मंडप भरला. रामजन्म माध्यान्हीचा, म्हणजे कीर्तन सकाळचं, म्हणजे हिरड्याविना. घरून निघताना काजल म्हणाली होती, "आजच्या दिवस गोळी राहू दे, हिरडा घे. एका दिवसानं काही होत नाही." बाई म्हणाल्या, "नेम मोडाचा तं रामाच्याच दिवशी?"

पूर्वरंगात बाईंनी दृष्टांत दिला तो हिरड्याचाच. "हिरडा चांगला, लोखंडबी चांगलं. पण दोघायले एकाच वेळी बसवलं की दोघंबी वाया. कैकेयीचा वर चांगला होता, दशरथाचं वचन चांगलं होतं. वेळ चुकली, अन् राम वनात गेला."

बायकांतून आवाज आला, "म्हणजे गोळी चहासंगं नाही घ्याची का, ताई?"

"नाही वं! चहा मागून पे!" मंडप हसला.

आख्यान चढत गेलं. यज्ञातलं पायस राण्यांना वाटलं गेलं, दिवस भरले, घटका जवळ आली. बाईंनी वरचा सूर लावला आणि आवाज फाटला. पुन्हा लावला; नुसती हवा निघाली. रुपरावांची बोटं पेटीवर थांबली. आनंदराव खांबाजवळून अर्धे उठले.

गोपिकाबाईंनी पायांकडे पाहिलं. पाय घट्ट होते. डोळ्यांपुढे अंधारी नव्हती, छाती धडधडत नव्हती. त्यांनी नुसते हात उंचावले आणि टाळीचा ठेका धरला. आधी पुढच्या बायकांनी, मग मागच्या पुरुषांनी रामनामाचा गजर उचलला. रुपरावांनी पुन्हा पेटी धरली. जो सूर बाईंना लागला नव्हता तो मंडपाला लागला, थोडा बेसूर, पण पुष्कळ मोठा. बारा वाजले, गुलाल उधळला, पाळणा हलला. घोगऱ्या आवाजात बाईंनी पाळण्याची ओळ सांगायची आणि लोकांनी ती गायची, असा रामजन्म झाला. मग आरती.

आरती संपल्यावर बाईंनी गादीला नमस्कार केला आणि खाली उतरल्या. आनंदराव सुंठवड्याचं ताट घेऊन समोर उभे. डोळे ओले, पण बोलणं कामाचंच. "ताई, पुढच्या वर्षीचं आत्ताच नक्की करून टाकू?"

"करा ना भाऊ," बाई म्हणाल्या, "पण पहिले मले बसू द्या." आणि तिथेच सतरंजीवर, बायकांच्या घोळक्यात, ऐसपैस पाय पसरून बसल्या.