एका बाटलीतल्या दोन गोचिडी

मी एक जुना चिमटा आहे, मित्रांनो, पण स्वयंपाकघरातला नव्हे. माझी टोकं सुईसारखी बारीक होती आणि मला त्याचा तोराही होता. माणसांना चावलेल्या गोचिडी जिथे बाटलीतून तपासायला येतात, त्या प्रयोगशाळेत माझी उमेदीची वर्षं गेली. गोचिडीच्या पोटात, तिच्या चाव्यातून पसरणाऱ्या लाइम आजाराचे जंतू आहेत का, ते तिथे बघतात. एकीचे जंतू दुसरीला लागू नयेत म्हणून प्रत्येक गोचिडीनंतर मला ब्लीचची आंघोळ घालत. एवढ्या आंघोळी तुम्हाला घातल्या तर तुम्ही घर डोक्यावर घ्याल.

एकदा एका बाटलीतून दोन गोचिडी निघाल्या. सोबतच्या चिठ्ठीप्रमाणे एक शाळकरी मुलीच्या गुडघ्यामागची, दुसरी घरच्या कुत्र्याच्या कानातली. वडिलांनी घाईघाईत दोन्ही एकत्र टाकल्या होत्या. तपासनीस बाईंनी कपाळाला हात लावला. एकीतच जंतू निघाले, तर डॉक्टरांनी काय समजायचं? आणि तपासणीसाठी गोचीड एकदा कुटून लगदा केली की ओळखायला काहीच उरत नाही.

बाईंनी मला उचललं. मी आधी उचललेली गोचीड सोंडेसकट अख्खी होती. नंतरची धरताच मला कळलं, हिची सोंडच नाही. भिंगाखाली बाईंनाही ते दिसलं आणि त्यांनी मुलीच्या घरी फोन लावला. तो आजीने घेतला. कुत्र्याची गोचीड वडिलांनी चिमट्याने काढली होती, नातीची आजीने बोटांनी.

"सोंड आतच राहिली हो," आजी रडवेल्या आवाजात म्हणाली. "घरात सगळे मलाच बोलतायत."

"बोलू द्या त्यांना," बाई म्हणाल्या. "सोंड तुटली म्हणून तर तुमच्या नातीची गोचीड मला ओळखता आली."

जंतू निघाले ते त्या बिनसोंडेच्या गोचिडीतच. त्यावरून मुलीला आजार झालाच असं ठरत नाही, पण डॉक्टर सावध झाले. आई रोज तिचा गुडघा बघू लागली आणि लाल चट्टा दिसताच औषध सुरू झालं. मुलगी ठणठणीत बरी झाली. मला फार आनंद झाला.

पुढे माझी टोकं बोथट झाली, नवे चिमटे आले आणि मी खणात पडून राहिलो. वाईट वाटायचं. मग एक दिवस आजी बाईंना भेटायला आली, तेव्हा बाईंनी मला उकळून, पुसून तिच्या हातात ठेवलं.

मित्रांनो, गोचिडीला बोटं लावू नका. चिमट्याने कातडीलगत धरा, सरळ वर ओढा आणि एका बाटलीत एकच ठेवा. परवा नातीच्या पोटरीवर पुन्हा एक दिसली. टोकं बोथट असली तरी मी पकड सोडली नाही. सोंडेसकट निघाली. आजीने ती एकटीच बाटलीत घातली आणि घरातल्या प्रत्येकाला नेऊन दाखवली.