एकशेवीस ग्रोस पांढरं

आमच्या ह्यांनी चौतीस वर्षं यंत्रांच्या एका कारखान्यात खरेदी खात्यात काढली. नट, बोल्ट, बेअरिंग, ग्रीसचे डबे, अगदी केरसुणीसुद्धा ह्यांच्या सहीशिवाय फाटकाच्या आत आली नाही. निवृत्त झाले त्या दिवशी त्यांना भिंतीवरचं घड्याळ मिळालं. घरी येऊन ह्यांनी ते उलटं करून पाहिलं आणि हे तीन ठिकाणचे भाव न काढता घेतलेलं दिसतंय, असा शेरा मारून खिळ्याला लावलं.

पहिले तीन आठवडे त्यांनी माझं स्वयंपाकघर सुधारलं. डबे उंचीप्रमाणे लागले, प्रत्येकावर चिठ्ठी आली, आणि मीठ कुठंय हे विचारायला मला त्यांना हाक मारावी लागू लागली. चौथ्या आठवड्यात घरात सुधारण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा ते माझ्या दुकानात येऊन बसले.

माझं दुकान शिवणाच्या सामानाचं. बटणं, रिळं, हूक, चेन, इलॅस्टिक, लेस. दुकान इतकं अरुंद की समोरून कोणी आलं तर एकानं श्वास रोखून धरायचा. एकोणीस वर्षं मी ते एकटीनं चालवते आहे, आणि ह्यांच्या मते ते योगायोगानं चाललं होतं.

त्यांनी मला विचारलं, माल आणतेस कसा? मी सांगितलं, मंगळवारी घाऊक बाजारात जाते, भाऊंचा जिना चढते, ते खोकी उघडतात, मी बघते, घेते, पिशवीत भरते, येते. भाऊ म्हणजे बटणांचे घाऊक व्यापारी, माझे कोणी नात्यातले नव्हेत, पण एवढ्या वर्षांत सख्ख्या भावापेक्षा जास्त वेळा भेटलेले. ह्यांनी विचारलं, दरपत्रक? मी म्हटलं, तोंडी. मालाची तपासणी? मी बोटं दाखवली. अटी आणि शर्ती? मी म्हटलं, चहा देतात. ह्यांनी चष्मा काढून पुसला. कारखान्यात पुरवठादाराला हाकलण्याआधी ते असंच करत असावेत.

त्याच सुमारास माझा गुडघा सुजला आणि डॉक्टरांनी पंधरा दिवस जिने बंद केले. भाऊंचं दुकान दुसऱ्या मजल्यावर, आणि जिना असा की पायरीवर पाऊल आडवं ठेवावं लागतं. ह्यांना संधी मिळाली. मला विश्रांती घे म्हणाले, पण चेहऱ्यावर काळजीपेक्षा आनंद जास्त होता.

मी त्यांना एक पुठ्ठा तयार करून दिला. त्यावर पाच पांढरी बटणं शिवली आणि प्रत्येकाखाली किती हवीत ते लिहिलं. मागच्या बाजूला रिळं आणि हुकांची यादी. ह्यांनी पुठ्ठा उजेडात धरला आणि म्हणाले, ही पाचही पांढरीच आहेत. मी म्हटलं, नाहीत. एक दुधासारखं, एक शिंपल्यासारखं, एक किंचित निळसर, एक सायीचं, आणि एक जुनं. माझ्याकडे नवे कपडे घेऊन कोणी येत नाही. येतात ते एक बटण तुटलेला शर्ट घेऊन, आणि तो शर्ट शंभरदा धुतलेला असतो. त्याला त्याच्याच वयाचं बटण लागतं.

"जुनं हा रंग नसतो," हे म्हणाले. "ज्या मालाला नाव नाही, तो माल मागवता येत नाही."

आणि गेले. पायात कार्यालयाचे बूट, खिशात गोलाई मोजायचं व्हर्नियर.

बाजारात काय झालं ते मला नंतर तुकड्यातुकड्यानं कळलं. आधी ते भाऊंकडे गेले. भाऊंनी पुठ्ठा बघितल्याबरोबर खोकी काढायला घेतली. ह्यांनी त्यांना थांबवून लेखी दर मागितला. भाऊंनी एका खोक्याचं झाकण फाडून त्यावर आकडा लिहून दिला. हे झाकण ह्यांना कागदपत्र म्हणून पटलं नाही. मग ते रस्त्यापलीकडच्या दुकानात गेले. तिथल्या माणसानं दर सांगायच्या आधी माल किती घेणार ते विचारलं, म्हणून तोही बाद झाला. तिसरं दुकान नवीन होतं. काचेचं दार, गार हवा, टाय लावलेला मालक. त्यानं छापील दरपत्रक दिलं, मागच्या बाजूला अटींसकट, आणि बोलताना प्रत्येक वाक्याला ह्यांना 'सर' म्हणाला.

चौतीस वर्षं ह्या माणसाला दिवसातून पन्नासदा सर ऐकायची सवय. गेले महिनाभर ते फक्त 'अहो' ऐकत होते. तेव्हा पुढे जे झालं त्याचा दोष मी एकट्या ह्यांना देत नाही. थोडा टायला पण देते.

मी संध्याकाळी एका पिशवीची वाट बघत होते. दारात टेम्पो आला.

ह्यांनी पाच पांढऱ्यांचं एक पांढरं केलं होतं. कारखान्यात ह्याला प्रमाणीकरण म्हणतात. विविधता कमी केली की साठा सोपा होतो, साठा सोपा झाला की भाव उतरतो, आणि भाव सगळ्यात खाली उतरतो तो एकशेवीस ग्रोस घेतल्यावर. एक ग्रोस म्हणजे बारा डझन. म्हणजे सतरा हजार दोनशे ऐंशी बटणं, सगळी एका मापाची, सगळी एका रंगाची. ह्यांनी त्यातली दीडशे स्वतः मोजून बघितली होती आणि एकाच्याही गोलाईत केसाएवढा फरक नव्हता, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं.

मी एक खोकं उघडलं. आत नव्या दातांच्या कवळीसारखं पांढरं. मी विचारलं, काळी रिळं कुठायत? हूक? ते दुसऱ्या टप्प्यात, असं उत्तर आलं.

दुसऱ्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक आलं ते आमच्या गल्लीतले शिंपी. त्यांना सगळे 'टाचणी' म्हणतात, कारण त्यांच्या ओठांत कायम चार टाचण्या असतात आणि ते दातांतून बोलतात. त्यांनी एका जुन्या शर्टावर आमचं नवं बटण ठेवून बघितलं. मग त्यांनी टाचण्या तोंडातून काढल्या. हे ते फक्त कोणी गेलं तरच करतात.

"ताई," ते म्हणाले, "हे बटण लावलं तर लोक विचारतील, बाकीचा शर्ट कधी घेणार?"

ह्यांनी त्यांना गोलाईबद्दल सांगितलं. टाचणींनी ते शांतपणे ऐकून घेतलं, टाचण्या परत ओठांत ठेवल्या आणि निघून गेले. आठवडाभर हेच चाललं. लोक शर्ट घेऊन यायचे, बटण ठेवून बघायचे, आणि आम्हालाच समजवायचे की जरा कमी पांढरं हवंय. हे प्रत्येकाला नीट उत्तर द्यायचे. एका बाईंना त्यांनी शर्टाची उरलेली सहाही बटणं बदलायचा सल्ला दिला. बाईंनी ह्यांच्याकडे अशा नजरेनं बघितलं की मी मध्ये पडून त्यांना इलॅस्टिक फुकट दिलं.

शेवटी हे माल परत करायला काचेच्या दारात गेले. टायवाल्यानं दरपत्रक उलटं केलं आणि सातव्या कलमावर बोट ठेवलं. माप, वजन आणि संख्या यांबद्दलची तक्रार चोवीस तासांत करावी. रंगछटेबद्दलची तक्रार विचारात घेतली जाणार नाही. ह्यांना ते वाक्य चांगलं ओळखीचं होतं. असलीच कलमं लिहून त्यांनी चौतीस वर्षं दुसऱ्यांना गप्प बसवलं होतं. तरी ते जरा वाद घालायला गेले, तेव्हा टायवाला म्हणाला, काका, जरा बाजूला उभे राहता का, गिऱ्हाईक आलंय.

मला त्यांनी हे सगळं दोन वाक्यांत सांगितलं. त्यातलं दुसरं वाक्य 'काका म्हणाला' एवढंच होतं.

खरं सांगायचं तर माझ्याकडे टोमण्यांचा साठा तयार होता, पाचही छटांत. पण पुढचे दोन दिवस हे दुकानात खोक्यांवर बसून राहिले. एक बटण या तळहातावरून त्या तळहातावर घेत होते. कोणाला काही समजावलं नाही, काही सुधारलं नाही. घरचे डबेसुद्धा मी मुद्दाम हलवून ठेवले, तर त्यांच्या लक्षात आलं नाही. माणूस एवढा पडलेला असला की टोमणा मारण्यात मजा राहत नाही.

मंगळवारी काळी रिळं संपली होती. गुडघा अजून दुखत होता, पण मी ह्यांना म्हटलं, चला, मला हात द्यायला या. दर सहा पायऱ्यांना थांबत आम्ही भाऊंचा जिना चढलो. भाऊंना सगळी हकीकत आधीच कळलेली होती. त्या बाजारात बातमी मालाच्या आधी पोचते. मला वाटलं, आता झाकणाचा हिशेब निघणार. भाऊंनी मात्र ह्यांना खुर्ची दिली, बटण मागून घेतलं, नखानं खरवडलं आणि ओठाला लावून बघितलं.

"माल वाईट नाही, दाजी. नवीन आहे, एवढाच दोष."

मग त्यांनी सांगितलं की बटण नायलॉनचं आहे आणि नायलॉन रंग धरतं. त्यांचे वडील एखादी छटा कमी पडली की बटणं चहाच्या पाण्यात उकळायचे. किती वेळ, ते मात्र भाऊंना माहीत नव्हतं. वडील अंदाजानं करायचे.

अंदाज हा शब्द ऐकला आणि ह्यांच्या पाठीचा कणा ताठ झाला. मला दिसलं ते.

त्या संध्याकाळपासून माझं स्वयंपाकघर माझं राहिलं नाही. पहिली शंभर बटणं हे वीस मिनिटं उकळत बसले आणि ती बिस्किटाच्या रंगाची झाली. पातेलंही झालं. दुसऱ्या खेपेला पाच मिनिटं, मग दोन, मग चाळीस सेकंद. रंग धुतल्यावर उतरतो, हे कळल्यावर त्यांनी आधी मीठ टाकलं, त्यानं काही झालं नाही. मग व्हिनेगर टाकलं, आणि रंग बसला. प्रत्येक खेप साबणानं दहादा धुवायची, टॉवेलवर वाळवायची, वहीत लिहायची. आठवड्यात घरातली चहापत्ती संपली आणि आम्ही दोघं सकाळी गरम पाणी पिऊ लागलो, कारण नवीन आणलेली बटणांसाठी राखीव होती.

अडचण होती ती छटा कशाशी ताडून बघायची याची. तेव्हा ह्यांनी कपाट उघडलं. कारखान्यात हे रोज पांढरा शर्ट घालत, आणि टाकून देणं त्यांच्या स्वभावात नाही. त्यांनी एकेक शर्ट काढून पलंगावर मांडला. हा बढतीचा, हा संपाच्या वर्षीचा, हा आपण मुलीला कॉलेजात सोडायला गेलो तेव्हाचा. प्रत्येकाचं साल त्यांना पाठ होतं. नवा शर्ट, दोन वर्षांचा, पाच, नऊ, चौदा. सगळे शर्ट ओळीनं ठेवले आणि मी पहिल्यांदाच त्यांना असं म्हणताना ऐकलं, "अगं, हे खरंच पांढरे नाहीत गं."

मी फक्त हो म्हटलं. एकोणीस वर्षांनी का होईना, तपासणी पूर्ण झाली होती.

खोक्यांवर त्यांनी चिठ्ठ्या लावल्या: 'पांढरं, दोन वर्षं', 'पांढरं, पाच वर्षं', आणि तसंच पुढे. टाचणींना बोलावलं. टाचणींनी एका जुनाट शर्टावर आमचं एक बटण शिवलं, शर्ट लांब धरला, जवळ धरला, आणि त्यांना नवं बटण कुठलं ते सापडेना. त्यांनी टाचण्या न काढताच अर्धा ग्रोस मागितला.

तेव्हापासून हे सगळ्यांना सांगतात की त्यांनी खरेदीतून स्वतःची छटा तयार केली. ते खोटं नाही. पण एकशेवीस ग्रोसपैकी एकतीस उकळून झाले आहेत. उरलेले पलंगाखाली आहेत, आणि पलंग आता जमिनीला टेकत नाही. शिवाय त्या पाचही छटा भाऊंकडे एका पिशवीत मिळाल्या असत्या, उकळल्याशिवाय. हे मी अजून बोललेले नाही. ठेवून दिलंय.

आता मंगळवारी मी बाजारात जाते आणि दुकान हे सांभाळतात. हात चांगला बसलाय, गिऱ्हाइकं टिकून आहेत. फक्त एक सवय लागली आहे. शर्ट हातात घेतला की हे त्याचं वय सांगतात, मोठ्यानं. परवा एक गृहस्थ आले, चांगले इस्त्री केलेले, आणि शर्ट नवाच आहे म्हणाले. ह्यांनी शर्ट उजेडात धरला आणि नऊ वर्षं म्हणाले. गृहस्थ रागावून बटण न घेताच निघून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पत्नी आल्या. त्यांनी सहा बटणं घेतली, पिशवीत ठेवली आणि जाता जाता खालच्या आवाजात सांगितलं, अकरा.