काचेतला चंदर

माझ्या नवऱ्याला त्यांनी काचेच्या पेटीत ठेवलं, वर कुलूप घातलं आणि मलाच सांगतात, बाई, हात लावू नका. इतकी वर्षं झाली, पण आठवलं की अजून तळपायाची आग मस्तकात जाते. तुमी म्हणाल, ही मुरुडची कोळीण काय बरळते. ऐका तर मग.

माझा चंदर तुफानात गेला. नारळी पुनवेनंतरचा सोमवार व्हता. होडी आगरदांड्याच्या बाजूला उलटी सापडली. बरोबरचे दोघं पोहत आले, हा न्हाय आला. न्हाय देह, न्हाय चिता. आमच्यात गेलेल्या माणसाचा टाक करतात. रुपयाएवढा चांदीचा पत्रा, त्यावर माणूस ठोकून उमटवलेला. तो देव्हाऱ्यात बसतो, म्हणजे माणूस घरात राहतो. नवरा गेला तशी माझ्या पायातली जोडवी उतरली. तीच सोनारापुढं टाकली आणि सांगितलं, ह्यातून माझा माणूस काढून दे. तेव्हापासून बाजाराला निघाले की त्याला सांगून निघते, आणि परत आले की कोण कुणाशी भांडलं ते सगळं त्याच्या कानावर घालते.

महाराष्ट्र झाला त्याच्या दुसऱ्या वर्षी वैशाखात माझ्या शकूचं लग्न निघालं. आमच्यात हळद आधी देवाला, मग घरातल्या गेलेल्यांना, मग पोरीला. बाप गेलेला असला तर त्याच्या टाकाची उरलेली हळद पोरीच्या अंगाला लागते. शकू तेव्हा सतरा वर्षांची. मला म्हणाली, “आये, मी बाबाच्याच हळदीनं बसेन. न्हायतर पाटावर बसायची न्हाय.” पोर तशी गरीब, पण एकदा बोलली की बोलली.

म्हणून हळदीच्या चार दिवस आधी टाक उजळायला सोनाराकडं धाडला. धाडला कुणाबरोबर? चंदरच्या धाकट्या भावाबरोबर, मोरूबरोबर. इथंच माझं नशीब फुटलं.

हळदीच्या दिवशी सकाळी मी म्हटलं, “भावोजी, टाक आणा.” तर हा डोकं खाजवतोय.

“वैनी, टाक शाळेत हाय.”

“शाळेत? चंदरला काय बाराखडी शिकवताय?” असं बोलायला हवं व्हतं, पण तेव्हा मी नवऱ्याचं नाव घेत न्हवते. “त्यांना शाळेत कशाला नेलं?” एवढंच बोलले.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. शहरातल्या युनिव्हर्सिटीच्या ग्रंथालयानं आमच्या गावात प्रदर्शन आणलं व्हतं. सुट्टीत शाळा रिकामी, तिथल्या मोठ्या खोलीत पुस्तकं, नकाशे, तसबिरी मांडल्या व्हत्या, आणि ‘किनाऱ्यावरचे लोकजीवन’ म्हणून आमच्याच घरातल्या वस्तू. ग्रंथालयाचे मोठे साहेब, पागेसाहेब, सोनाराच्या दुकानात बसून जुनं काय मिळतं ते बघत व्हते. मोरूच्या हातात टाक दिसला. साहेब बोलले, आमच्याकडं द्या, काचेत ठेवू, दिवा लावू, मोठमोठी माणसं येऊन बघतील. मोरूला वाटलं, आपला दादा देव्हाऱ्यातून देवळात चालला. माणसं येणार म्हणजे हात जोडणारच! विद्येची जागा, तिथं आणखी दुसरं काय करणार? ह्या खुळ्यानं कागदावर अंगठा उठवला आणि घरी येऊन चार दिवस मूग गिळून बसला. वाटलं, हळदीच्या सकाळी जाऊन आणू.

“मुडद्या,” मी म्हटलं, “तुझा भाऊ दुसऱ्यांदा बुडवलास.”

बोलले ते बोलले. मोरू तोंड पाडून बाहेर गेला, आणि मी पदर खोचून शाळेत.

दारात चपला काढल्या. आत एक सागवानी पेटी, चार पायांची, वर काच. चंची, पितळेचा दिवा, जाळ्याची शिशाची गोळी, आणि त्यांच्या मधे माझा माणूस, उताणा निजवलेला. ना खाली तांदूळ, ना वर फूल. बाजूला चिठ्ठी. मला वाचता येत न्हाय. पागेसाहेबांनीच वाचून दाखवली, तेही कौतुकानं: “पूर्वजाची प्रतिमा. कोळी समाज. नाव व काळ अज्ञात.”

“अज्ञात म्हणजे काय?”

“म्हणजे माहीत नाही.”

“कुणाला माहीत न्हाय? मला माहीत हाय! ज्यानं आणून दिला त्याला माहीत हाय! तुमी विचारलंत कधी?”

साहेब हसले. वाईट माणूस न्हवता, गोड बोलत व्हता, त्यानं तर माझं डोकं आणखी फिरलं. “बरं, मग सांगा नाव. आत्ता दुरुस्त करतो.”

आणि माझी जीभ टाळ्याला चिकटली. लग्न झाल्यापासून उखाण्याबाहेर त्याचं नाव तोंडात आलं न्हवतं. आमच्यात बाई घेतच न्हाय. तो गेला तेव्हासुद्धा किनाऱ्यावर उभी राहून “अहो, अहो” अशाच हाका मारल्या मी. साहेबांनी वाट बघितली, मग बाजूच्या मास्तरांकडं वळून म्हणाले, “बघा, म्हणूनच ह्या गोष्टींची नोंद करायला हवी. ह्यांना स्वतःलाही सांगता येत नाही.”

मी म्हटलं, “आज पोरीची हळद हाय. तेवढ्यापुरता तरी द्या.”

“बाई, ही ग्रंथालयाला कायमची भेट आहे. कागदावर अंगठा आहे. आणि पेटीची चावी शहरात ऑफिसात राहिली. मी काय करू?”

काय करू! मी तशीच घरी आले. शकू न्हाऊन बसलेली. तिला म्हटलं, बाबाला आणते, जरा थांब. तिनं पाट उचलून भिंतीला उभा करून ठेवला.

संध्याकाळी शाळेत मोठा कार्यक्रम व्हता. तालुक्याचे अधिकारी, शहरातली मंडळी, पुढं खुर्च्या. कॉलेजच्या चार पोरी आमच्यासारखं लुगडं नेसून, केसांत वेणी माळून, टोपल्या घेऊन नाचत व्हत्या. टोपल्या रिकाम्या! आयुष्यात मासळीला हात लावला नसेल एकीनं. त्यांचा नाच संपायला आणि आमची वरात दारात यायला एकच गाठ पडली. पुढं मी, हातात हळदीचं ताट. माझ्या बाजूला सोनूबाई, आमची धवलारीण. धवलारीण म्हणजे लग्नात गाणी म्हणून देवांना आणि पितरांना मांडवात बोलावणारी. तिच्याबिगर आमचं लग्न लागत न्हाय. मागं कोळीवाड्यातल्या बाया, त्यांच्या मागं आमच्या वाड्यातला काळूराम आणि तिघं गडी, खांद्यावर दोन वल्ही.

सोनूबाईनं पेटीपुढं उभी राहून सूर लावला. आजे, पणजे, एकेकाला नाव घेऊन हाक, चला, मांडवाला चला. आणि खुर्च्यांतली माणसं काय करतात? टाळ्या वाजवतात! त्यांना वाटलं, कार्यक्रमातलाच पुढचा नाच. एक बाई शेजारणीला म्हणाली, “किती अस्सल, नाही?”

मी ताट खाली ठेवलं आणि ओरडले, “टाळ्या कसल्या पिटता? लाज न्हाय वाटत? नवरा हाय तो माझा! पोर घरी हळदीची खोळंबलीय, आणि ह्यांच्याकडं चावी न्हाय!”

पागेसाहेब धावत आले. “बाई, नंतर बोलू, पाहुण्यांसमोर तमाशा नको.”

“तमाशा तुमी मांडला. मी न्यायला आले.” मग काळूरामकडं वळले. “उचला.”

वाळूत रुतलेली होडी उचलणारी माणसं ती. वल्ही पेटीखाली सरकवली, हय्या म्हटलं, आणि पेटी चंची, दिवा, चिठ्ठी आणि माझ्या माणसासकट खांद्यावर चढली. एक थेंब तेल सांडलं न्हाय त्या दिव्यातलं, कारण तेल घातलंच न्हवतं कुणी. सोनूबाईनं गाणं तोडलं न्हाय. बाजारातून आमी निघालो आणि मागून पागेसाहेब, धोतर सावरत, “अहो काच! अहो काच!” करत.

मांडवात पेटी ठेवली. मी काळूरामला म्हटलं, “वरवंटा आण.” त्यानं आणला. मी उचलला.

तेव्हा साहेबांनी कोटाच्या आतल्या खिशात हात घातला आणि चावी काढली.

खिशात व्हती! सकाळपासून खिशात व्हती! त्या क्षणी मला जे वाटलं ते बोलण्यासारखं न्हाय. वरवंटा मी खाली ठेवला, पण हातानं न्हाय, मनावर दगड ठेवून ठेवला. कुलूप उघडलं. टाक बाहेर काढला, तांदळावर ठेवला, हळद लावली. साहेब कोपऱ्यात उभे. सगळं झालं तसे पुढं आले आणि कागद पुढं केला. “विधी झाला ना? आता वस्तू परत द्या. नियम आहे. हा बघा, अंगठा.”

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मोरू उठला. सकाळपासून कुणाशी शब्द बोलला न्हवता. त्यानं ताटातल्या हळदीत अंगठा बुडवला, साहेबांच्या हातातला कागद धरला आणि आपल्या निळ्या अंगठ्याच्या शेजारी पिवळा उठवला.

“हा दिल्याचा,” तो म्हणाला, “आणि हा परत घेतल्याचा.”

साहेबांनी मान खाली घालून खिशातलं पेन काढलं. “परत कुणाला दिला म्हणून लिहू?”

“आधी कोण परत आला ते लिहा,” मी म्हटलं.

“नाव?”

सगळा मांडव माझ्याकडं बघत व्हता. सोनूबाईसुद्धा थांबली.

“चंदर,” मी म्हटलं. साहेबांनी नीट ऐकलं न्हाय असं वाटलं म्हणून पुन्हा म्हटलं, समुद्रापर्यंत जाईल अशा आवाजात. “चंदर! लिहा. नारळी पुनवेनंतरच्या सोमवारी गेला. आज चंदर घरी आला.”

त्यांनी लिहिलं. मग शकूनं भिंतीचा पाट काढून स्वतःच मांडला आणि बसली.