निळ्या बाजूचा भांग

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, भर दुपारी, बर्फीन समुद्रातून पोहून आली ती भांग पाडून.

झरिफे अंगणातल्या तंदूरमधून रोट्या काढत होती. मांजर ओलं येण्यात नवल नव्हतं. वानच्या तळ्याला तिथले लोक समुद्रच म्हणतात, आणि त्याच्या काठच्या पांढऱ्या मांजरांना पाण्याचं वेड असतं. अंगावर लांब केसांचा एकच पदर, खाली लोकर नाही. पाणी निथळून जातं आणि चार रोट्या भाजून होईपर्यंत मांजर कोरडं होतं. पण आज बर्फीनच्या डाव्या अंगावरचे केस मानेपासून कमरेपर्यंत एका दिशेने विंचरलेले होते. मध्ये एक जाड रेघ सुटली होती, कंगव्याचे दोन दात नसले की सुटते तशी.

झरिफेच्या हातातली रोटी निखाऱ्यात पडली.

दोन दात पडलेला एकच कंगवा तिला माहीत होता. लाकडी, अर्ध्या तळहाताएवढा. तो तिच्या नवऱ्याच्या, सेफेत्तिनच्या, बंडीच्या खिशात असे. आणि सेफेत्तिनला जाऊन तेवीस दिवस झाले होते.

मासेमारीची बंदी लागायच्या आदल्या दिवशी तो शेवटची जाळी टाकायला गेला. दुसऱ्या दिवशी होडी बेटामागे सापडली. जाळी कोरडी, वल्ही जागच्या जागी, जेवणाचा डबा न उघडलेला. गावाने सोळा दिवस शोधलं, मग होड्या काठावर ओढून पालथ्या घातल्या.

बर्फीनची डावी बाजू म्हणजे निळी बाजू. तिचा उजवा डोळा मधासारखा, डावा निळा, आणि निळ्या डोळ्याकडचा कान ठार बहिरा. या मांजरांत असं पुष्कळदा होतं. पिलू महिन्याचं झालं की बायका त्याच्यामागे तांब्याची थाळी वाजवून बघतात. अशा मांजराजवळ जायचं ते पिवळ्या डोळ्याच्या बाजूने, हे गावातल्या रांगत्या पोरालाही कळतं. निळ्या बाजूने हात लावला तर ते दचकतं आणि रक्त काढतं. त्या बाजूने बर्फीन फक्त सेफेत्तिनला विंचरू द्यायची. आधी तो जमिनीवर दोन टिचक्या मारायचा. तिच्या कानाला नाही, पण पंजांना त्या समजत.

दुसऱ्या दिवशीही मांजर विंचरून आलं. तिसऱ्या दिवशीही. असे दहा दिवस गेले, आणि अकराव्या दिवशी धाकटा दीर जेमशित आला. त्याने साखरेचा खडा दातात धरला, चहाचा एक घोट घेतला आणि मान खाली घालून बोलायला सुरुवात केली.

“वहिनी, शुक्रवारी चाळिसावा येतोय. इमामांशी बोललोय मी. प्रेत नसलं तरी नमाज पढता येते आपल्यात. दादाच्या नावाने पढून टाकू. मग तुम्ही हे घर बंद करा आणि वर आमच्याकडे चला.”

“जिवंत माणसाची नमाज पढता?”

“वहिनी...”

“भावजी, एकदा ती नमाज झाली की ते मेले. मग परत आले तरी मेलेलेच. हे माझ्या तोंडून व्हायचं नाही. आधी मला सांगा, या मांजराला रोज कोण विंचरतं?”

“तुम्हीच विंचरत असाल. दुःखात भान राहत नाही माणसाला.”

“मग तुम्ही विंचरून दाखवा की. या बाजूने.”

जेमशितने हसत हात पुढे केला. मनगटापासून कोपरापर्यंत तीन लाल रेघा उमटल्या.

“आयला! ही तर दादापेक्षा तापट निघाली!”

कुंपणापलीकडून शेजारीण बेस्नाने मान वर काढली. “झरिफे, नशीब काढलंस गं! आमच्या ह्यांना जिवंतपणी स्वतःची मिशी विंचरायचा कंटाळा, आणि तुझे बघ, तिकडून येऊन मांजर विंचरून जातात.”

कुणीच हसलं नाही. बेस्नाने रुमालाच्या टोकाने तोंड पुसलं आणि आवाज खाली आणला. “समुद्राकडचं दार मात्र लावत जा.”

“का?”

“उगाच. डास येतात.”

मेमध्ये तिथे डास नसतात. झरिफेने दार लावलं नाही. उलट त्या दिवसापासून दुपारी ते सताड उघडं ठेवून, डोक्यावरचा रुमाल सोडून, ती दारासमोरच्या गादीवर पडू लागली. दोन दिवस काही झालं नाही. तिसऱ्या दुपारी डोळा लागला आणि उघडला तेव्हा तिचे केस ओले होते. बुळबुळीत, समुद्राच्या सोड्यासारख्या खाऱ्या पाण्यात कपडे धुतल्यावर हात होतात तसे. ती जन्मभर मधोमध भांग पाडत आली होती. आता भांग डावीकडे होता, आणि केसांत एक जाड रेघ.

ती घाबरली नाही. आरशासमोर बसून खूप वेळ रडली आणि मग भांग मोडणार नाही अशा बेताने तिने रुमाल बांधला. कुणाला सांगितलं नाही. चार दिवस ती अशीच त्या दारासमोर निजली, चार दिवस ओल्या केसांनी उठली. शुक्रवारी सगळ्यांसमोर उभं राहून नाही म्हणायचं, हे तिने पक्कं केलं.

गुरुवारी बर्फीन नेहमीपेक्षा उशिरा आली. झरिफेने तिला पिवळ्या बाजूने उचलून मांडीवर घेतलं. उन्हाळा लागला होता. अंगावरचे लांब केस गळून मांजर सशासारखं आखूड दिसू लागलं होतं. या दिवसांत लांब केस राहतात ते फक्त शेपटीला, कोल्ह्यासारखे. झरिफेने सवयीने शेपटीखाली हात घातला आणि तिच्या बोटांत पांढऱ्या केसांचा झुबका आला.

तिने शेपटी उजेडात धरली. बुडापासून टोकापर्यंत विंचरलेली. मध्ये जाड रेघ. दोन ठिकाणी गुलाबी कातडी दिसत होती.

शेपटी कुणी विंचरत नाही. शेपटीचा केस ओढला गेला तर वर्षभर येत नाही, म्हणून तिला कंगवा लावायचा नाही, काडी अडकली तर बोटांनी सोडवायची. लग्नाच्या पहिल्या उन्हाळ्यात झरिफेने नकळत सासूच्या मांजराची शेपटी विंचरली होती. सेफेत्तिन तिच्याशी तीन दिवस बोलला नव्हता. चौथ्या दिवशी तो म्हणाला होता, “माझी दाढी उपट, पण मांजराच्या शेपटीला हात लावू नकोस.” एकतीस वर्षांत त्याने शेपटीला कंगवा टेकवला नव्हता. झोपेत नाही, तापात नाही.

कंगवा त्याचाच होता. हात त्याचा नव्हता.

झरिफेचा हात आपोआप स्वतःच्या डोक्याकडे गेला आणि रुमालाला लागायच्या आधीच थांबला.

ती चपला न घालता चढ चढून जेमशितच्या घरी गेली. तो रानभाजी घातलेलं चीज रोटीत गुंडाळून खात होता.

“भावजी, उद्या पढा नमाज.”

“अहो, पण परवापर्यंत तर तुम्ही...”

“शेपटी विंचरलीय.”

जेमशितने घास खाली ठेवला. शेपटीचं त्याला समजावून सांगायची गरज नव्हती. तो त्याच काठावर वाढला होता. “मग दादा खरंच गेला,” तो म्हणाला. “त्याशिवाय त्याचा कंगवा दुसऱ्याच्या हाती लागायचा नाही.”

“हो,” झरिफे म्हणाली, आणि चाळीस दिवसांत पहिल्यांदा तिला ते खरं वाटलं.

शुक्रवारी नमाज झाली. गावाने सेफेत्तिनसाठी दुवा मागितली. झरिफे सामान बांधायला खालच्या घरी आली तेव्हा ऊन डोक्यावर होतं. तिने बर्फीनला आत घेतलं, समुद्राकडचं दार लावलं, आडणा घातला. बेस्ना अंगणात खाटेच्या दोऱ्या सोडत होती, तिच्या खोकण्याचा आवाज येत होता.

बर्फीन दाराशी उजव्या कुशीवर आडवी झाली. ऐकणारा कान खाली जमिनीला दाबलेला, निळी बाजू वर. दाराच्या फटीतून पाण्याचा बारीक ओघळ आत आला आणि तिच्या पोटापाशी थांबला. ती घुरघुरू लागली.

मग बाहेरून लाकडावर आवाज आला. टिचकी नव्हती. कंगव्याचे दात फिरवल्याचा खरखर आवाज, वरून खाली, मध्ये क्षणभर तुटणारा. कुणी सावकाश दार विंचरत होतं.

सेफेत्तिनने हाक मारली असती. झरिफेने रुमालाची गाठ सोडून पुन्हा घट्ट आवळली, बर्फीनला पिवळ्या बाजूने उचललं आणि अंगणाच्या दाराने बाहेर पडून ती चढाला लागली.