मी, शालूबाईंना लागणारी गाडी

या, बसा. दार मात्र आपटू नका, त्याची बिजागरी माझ्याइतकीच जुनी आहे. मी बोलतेय, पलूसच्या लालासाहेबांच्या गोठ्याशेजारी पत्र्याखाली उभी असलेली मोठी गाडी. माझ्यात आठ माणसं ऐसपैस बसतात आणि मागं एक बोकडही मावतो. गावातली म्हातारी माणसं मला बस म्हणतात, पोरं आगबोट म्हणतात. मला दोन्ही आवडत नाहीत.

माझा जन्म सातासमुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. एका लहानशा संस्थानच्या सरकारांनी मला शिकारीसाठी मागवलं. आत गुबगुबीत गाद्या, खिडक्यांना मखमली पडदे, हात टेकायला जागा, पान थुंकायला वेगळी जागा. शिकार म्हणाल तर दोन ससे आणि एक चुकून मेलेली शेळी, एवढीच. शेळीवाल्यानं फार आरडाओरडा केला. बाकी वेळ सरकार माझ्यात झोपायचे. मला त्यात कमीपणा वाटला नाही, कारण माणसाला झोप लागावी अशीच माझी चाल होती.

पुढं संस्थान गेलं, पडदे विटले आणि सांगलीच्या नानासोंनी मला घरी आणलं. नानासो हळदीचे अडते. त्यांना गाडीत बसण्यापेक्षा गाडीतून उतरताना लोकांनी बघावं याची हौस जास्त. "पोटातलं पाणी हलत न्हाई हिच्यात," असं ते ज्याला त्याला सांगायचे. मग पेट्रोल महागलं आणि नानासोंच्याच पोटातलं पाणी हलायला लागलं. मी दारात नुसती उभी राहिले तरी त्यांना माझ्या पेट्रोल पिण्याचा आवाज येई. मिरजेचा एक भंगारवाला येऊन माझ्या अंगावर बोटांनी टकटक करून गेला. माझ्यासारख्या खानदानी गाडीला टकटक! मला रडू कोसळायचं तेवढं बाकी होतं.

अशात लालासाहेब आले. हे फौजेतून निवृत्त झालेले हवालदार. सगळी नोकरी ट्रक चालवण्यात गेलेली, आता गावी ऊस. सोबत त्यांचा मित्र आकाराम होता. आकारामची ख्याती बैल पारखण्यात. त्यानं मला तशीच पारखली. आधी भोवती एक फेरी मारली, मग पुढचं झाकण उघडून आत दात मोजावेत तसं वाकून पाहिलं, पाठीवर थाप मारली आणि नानासोंचा ड्रायव्हर अल्लाबक्ष याला म्हणाला, "जरा चालवून दाव."

मी चार पावलं चालून दाखवली.

"चाल झ्याक हाय," आकाराम म्हणाला. "पर खानं लय आसंल."

"खातीय तशी चालतीय बी," अल्लाबक्ष म्हणाला. मला सून म्हणून खपवायची असावी तसं तो माझं वय चोरून सांगत होता. "हवालदारसाब, लोण्यातनं सुरी जावी तशी जाती."

लालासाहेब मात्र नुसत्या चालीवर भाळणारे नव्हते. ते म्हणाले, "आमची मंडळी बसू दे. तिला न्हाई लागली, तर गाडी चांगली."

त्यांची मंडळी म्हणजे शालूबाई. पंचक्रोशीत त्या एका गोष्टीसाठी प्रसिद्ध होत्या. त्यांना गाडी लागायची. एसटी लागायची, रेल्वे लागायची, जत्रेतला पाळणा लागायचा. त्यांचं माहेर कोरेगावचं, पण या दुखण्यापायी त्या कितीतरी वर्षांत तिकडं फिरकल्या नव्हत्या. आणि आता निरोप आला होता. भाऊ अर्जुना याला लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी मुलगी झाली होती. बाराव्या दिवशी बारसं. नाव ठेवायचा मान आत्याचा, आणि शालूबाईंना मुलीला आपल्या वारलेल्या आईचं, राहीबाईचं, नाव ठेवायचं होतं. आत्या पोचली नाही, तर तिथंच राहणारी चुलत आत्या सुलाबाई मांडी घालून तयारच होती. सुलाबाई मुंबईला चार महिने राहून आली होती. तिनं नाव ठरवून टाकलं होतं, पिंकी.

"आईचं नाव घरात परत याया पायजे," शालूबाई म्हणाल्या. "पिंकी बिंकी मला चालायची न्हाई."

माझ्या चालीवर माझा एवढा विश्वास की मी मनात म्हटलं, बाई, तुम्ही बसा फक्त. तुम्हाला कोरेगाव कधी आलं ते कळायचं नाही.

त्यांना माझ्या मधल्या सीटवर बसवलं. ती माझी सगळ्यात मऊ जागा, खुद्द सरकारांची. सांगलीहून पलूसच्या वाटेला लागलो. खड्डे आले ते मी आदळून कळू दिले नाहीत. मी खड्डा अंगाखाली घ्यायची आणि मग लाटेवरच्या नावेसारखी सावकाश वरखाली होत राहायची. नांद्रे यायच्या आत शालूबाईंनी खिडकी उघडली आणि माझ्या उजव्या बाजूचा सगळा रंग बदलून टाकला.

मी इतकी शरमले की पुढचा मैलभर माझा हॉर्नसुद्धा वाजेना.

मग पुरुषांची डोकी चालू लागली. माणसांचं एक मी पाहिलंय, बाईला काय होतंय हे बाईला विचारायचं सोडून बाकी सगळ्यांना विचारतात. आकाराम म्हणाला, "मागनं हलकी पडती. वजन टाका." नानासोंनी हळदीची पोती टाकली. हळदीच्या वासानं शालूबाईंना सांगलीची वेससुद्धा गाठता आली नाही. पोती उतरवून गुळाच्या ढेपा ठेवल्या. माश्या आल्या. अल्लाबक्षनं चाकांतली हवा कमी केली, मी आणखी डुलायला लागले. हवा जास्त भरली, मी उड्या मारायला लागले. शालूबाईंना ओवा दिला, लिंबू दिलं, डोळे मिटायला लावले, उघडायला लावले. प्रत्येक फेरीनंतर लालासाहेबांचा चेहरा लांब होई आणि माझी किंमत खाली येई. एका बाईच्या पोटावर माझी इभ्रत टांगलेली होती. भंगारवाला रोज अडतीवरून सायकलनं उगाचच चकरा मारायला लागला.

बारसं पाच दिवसांवर आलं, तेव्हा वसगड्याजवळ लालासाहेबांनी गाडी थांबवायला सांगितली. शालूबाई लिंबाच्या झाडाखाली बसल्या होत्या. त्यांचे डोळे भरले होते.

"ऱ्हाऊ द्या आता," त्या म्हणाल्या. "ठेवू द्या तिला पिंकी."

लालासाहेबांना ते सोसेना. फौजी माणूस, बायकोपुढं काय बोलावं ते सुचेना, म्हणून त्यांनी माझ्या चाकाला लाथ मारली. "ही गाडीच नालायक हाय!"

"गाडीला कशाला मारताय?" शालूबाई म्हणाल्या. "ल्हानपनी जत्रंला जाताना बैलगाडीत बी मला आसंच व्हायचं. मग आई म्हनायची, शाले, म्होरं ये, कासरा धर. कासरा हातात आला की कायसुदिक व्हायचं न्हाई बगा."

अल्लाबक्षनं माझ्या स्टिअरिंगकडं बघितलं. आकारामनं आभाळाकडं बघितलं.

"हे आदी का न्हाई सांगितलंस?" लालासाहेब म्हणाले.

"आवं, इचारलंत कवा?"

लालासाहेबांनी फौजेत कितीतरी रंगरुटांना गाडी शिकवली होती. बायकोला शिकवावी हे त्यांच्या स्वप्नात आलं नव्हतं. तिथंच वाद झाला. लोक काय म्हणतील, नऊवारी ब्रेकमध्ये अडकेल, गाडी उसात घालशील. शालूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि पदर खोचून माझ्या पुढच्या सीटवर चढल्या. त्यांचे हात माझ्या स्टिअरिंगवर पडले, तसं मला कळलं की हे बैल वळवलेले हात आहेत. गुळमुळीत धरणं नाही, उगाच ओढणंही नाही.

सांगलीला परतल्यावर हे ऐकून नानासोंनीही डाव टाकला. "हवालदार, गाडी बारशापुरती घेऊन जावा. वैनींना कोरेगावपत्तोर उलटी झाली न्हाई, तर माझा पहिला भाव द्यायचा. झाली, तर गाडी परत, मी भंगारात घालतो. अल्लाबक्ष साक्षीला यील."

पुढचे चार दिवस उसाच्या बांधाकडेच्या माळावर माझी जी काही दुर्दशा झाली ती सांगत नाही. गिअर टाकताना माझ्या पोटातून असे आवाज निघत की बैल दावं तोडून पळाले. एक कडब्याची गंजी आम्ही भुईसपाट केली. लालासाहेब "हॉल्ट! हॉल्ट!" म्हणून ओरडत पुढं पळायचे, त्यामुळं त्यांनाच चुकवत चालवायचा शालूबाईंना चांगला सराव झाला. पुढं आणि मागं तांबड्या रंगानं शिकाऊ गाडीचा एल काढला. आकारामला वाटलं, तो लालासाहेबांच्या नावाचा.

बारशाच्या दिवशी पहाटेच निघालो. पुढं शालूबाई, शेजारी लालासाहेब, मागं आकाराम आणि अल्लाबक्ष. कराड येईपर्यंत लालासाहेबांनी प्रत्येक म्हशीला, प्रत्येक सायकलीला आणि एका उभ्या झाडाला पाहून आरोळी ठोकली. कराडात त्यांनी एकदा स्टिअरिंगलाच हात घातला. शालूबाईंनी मला कडेला घेतलं.

"तुमी मागं जावा."

"आगं पर..."

"मागं जावा म्हन्ते न्हवं. अल्लाबक्षभाऊ, तुमी म्होरं या."

लालासाहेब मागं आले. सरकारांच्या मऊ जागेवर बसले. माझ्या लक्षात आलं, या माणसानं सगळ्या जन्मात कधी मागच्या सीटवर बसून प्रवासच केला नव्हता. कायम स्टिअरिंग हातात, नाहीतर चालवणाऱ्याशेजारची जागा. मसूरपर्यंत ते तावातावानं बोलत होते. मसूरनंतर बोलणं कमी झालं. मग त्यांनी शर्टाचं वरचं बटण काढलं. मग आकारामजवळ लिंबू आहे का विचारलं.

मी काही मुद्दाम केलं नाही. म्हणजे रहिमतपूरच्या अलीकडं वळणं आली तेव्हा थोडी जास्त डुलले असेन. त्यांनी माझ्या चाकाला लाथ मारलेली मला अजून दुखत होती. लालासाहेबांनी घाईनं खिडकी उघडली, आणि माझी डावी बाजूही उजवीसारखी झाली. त्यांचं पाहून आकारामनं दुसऱ्या खिडकीतून मान बाहेर काढली.

पुढं शालूबाई ताठ बसून, नाकासमोर बघत, गुणगुणत चालल्या होत्या.

कोरेगावात अर्जुनाच्या दारात मांडव होता. उशीर झाला होता. आत सुलाबाईनं तान्ही मांडीवर घेतली होती, बायका तिच्या पाठीमागं मुठी वळून उभ्या होत्या. "आता कुटं वाट बगता? तिला गाडी लागती," असं सुलाबाईनं म्हणायला आणि माझा हॉर्न वाजायला एकच गाठ पडली. आयुष्यात मी एवढ्या जोरानं कधी ओरडले नव्हते.

अर्जुना धावत बाहेर आला. बहीण येणार म्हणजे कशी येणार हे त्याला ठाऊक होतं, म्हणून हातात पाण्याचा तांब्या आणि कापलेलं लिंबू. त्यानं सवयीनं माझं मागचं दार उघडलं. आत त्याचे दाजी आडवे पडले होते आणि त्यांच्या पायांवर आकाराम.

"ताई कुटाय?" अर्जुना घाबरून म्हणाला.

"ताई म्होरं हाय," अल्लाबक्ष म्हणाला. "लिंबू दाजींस्नी द्या."

शालूबाई चालवायच्या सीटवरून खाली उतरल्या, तेव्हा मांडवातल्या बायका पाळणा विसरून दारात आल्या. शालूबाईंनी पेट्रोलचा वास असलेले हात धुतले, सुलाबाईपुढं जाऊन पदर पसरला आणि म्हणाल्या, "आन."

सुलाबाईनं मुलगी दिली. शालूबाईंनी तिच्या कानाशी तोंड नेलं. "कुर्रर्र... राही." आणि पाठीवर असे दणके बसले, की बाहेर मला आवाज आला. बाईंना इतका मार पडत होता आणि त्या हसत होत्या, रडतही होत्या. अर्जुना लिंबू हातात घेऊन तसाच रडत होता. मी मोठमोठ्या माणसांना ऐटीत उतरवलंय, पण एखाद्या माणसाला वेळेवर पोचवण्यात इतका आनंद असतो हे मला त्या दिवशी कळलं.

नानासोंना त्यांचा पहिला भाव मिळाला. अट शालूबाईंच्या पोटाची होती, लालासाहेबांच्या नव्हे, आणि अल्लाबक्षनं साक्ष चोख दिली.

आता मी पलूसला आहे. एका डोळ्याचा दिवा गेलाय, मागच्या भागात कोंबडी अंडी घालते. पेट्रोलचा खर्च आहेच, त्यामुळं वर्षातून चार-पाचदाच बाहेर पडते, पण पडते ती कोरेगावला. राही आता शाळेत जायला लागलीय. लालासाहेब सासुरवाडीला येतात, पण रेल्वेनं.

मात्र पेट्रोलचं बिल आलं, की त्यांच्या डोक्यात मला विकायचं येतं. दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी गिऱ्हाईक मला बघायला येतं. शालूबाई कधी नाही म्हणत नाहीत. चहा करतात, दार पुसतात आणि पदर खोचत म्हणतात, "घ्या की. पर आदी चाल बगा. तुमी मागं बसा आरामात, मी चालवून दावते." मग आम्ही दोघी त्या पाहुण्याला घेऊन बाहेर पडतो. परवाच साताऱ्याचा एक कंत्राटदार आला होता. परत आला तो तोंडावर रुमाल धरून, आणि चहासुद्धा न घेता एसटीनं गेला.

तेव्हा मला घ्यायचा विचार असला, तर खुशाल या. मागची मऊ जागा मोकळीच आहे.