अंजनाच्या फाट्यावर

कुंदाबाई आणि तिचा जेठ गिरधर यांच्यात तिच्या लग्नापासून एक शब्द झाला नव्हता. भांडण नव्हतं, अबोला नव्हता, रीत होती. धाकट्या भावाच्या बायकोनं थोरल्याशी बोलायचं नाही, तो समोर आला की पदर नाकापर्यंत ओढायचा, आणि काही सांगायचंच असेल तर मधे एखादं पोर उभं करायचं. 'जा रे, नानांना सांग, ताट वाढलंय.' नाना तिथंच पाटावर बसलेले असत, सगळं ऐकत असत, पण पोरानं सांगितल्याशिवाय त्यांना काही ऐकू यायचं नाही. ही रीत कुणी पाडली कोण जाणे. ज्यानं पाडली तो कधी रानात गेला नसावा, एवढं मात्र नक्की.

गाव यावलच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याचं. केळीचं गाव, तेव्हा विहिरीचं पाणी पाटानं वाहतं ठेवायचं आणि बागेच्या सावलीत बसून जगाला नावं ठेवायची, असं तिथलं बरंचसं चालतं. कुंदाबाई मात्र साक्रीकडच्या डोंगरातली. लग्नात बापानं, हिलालनं, तिला एक कालवड दिली होती. तिचीच लेक ही कपिली. कपिली गावात कुणाला जवळ येऊ द्यायची नाही, फक्त कुंदाबाईच्या हाकेला यायची. हाक कसली, लांबलचक हाळीच ती, खालून चढत जाणारी, 'आऽऽ वो कपीऽऽऽ.' सासूबाई भागाबाई म्हणायच्या, "डोंगरातली हाळी डोंगरात ठेव व माय. लोकं हासतात." मग कुंदाबाई गोठ्यात उभी राहून हळूच हाक मारायची, आणि गाय तरी यायची.

सत्त्याऐंशी सालच्या मे महिन्यात ही गाभण कपिली रानातून परतलीच नाही. गुराखी लोटन सकाळी येऊन सांगून गेला, अंजनाच्या झाडापाशी दिसली होती, पुढं कुठं गेली ठाऊक नाही. कुंदाबाईचा नवरा भटू केळीचा माल घेऊन सावद्याच्या स्टेशनावर गेलेला, वॅगन भरून झाल्याशिवाय यायचा नव्हता. घरातल्या पोरांना गोवर. राहिले गिरधरनाना.

"जाय तिले घेऊन," भागाबाई लेकाला म्हणाल्या. "गाय दुसऱ्या कोनाच्या हाकेले यायची नाही."

कुंदाबाई सासूच्या कानाशी लागली, "पोर कुनी बरोबर नही, मंग बोलनं कसं?"

"गाय शोधायची हाये का गप्पा मारायच्या?" भागाबाईंनी विषय मिटवला.

निघाले दोघं. नाना पुढे, खांद्याला पाण्याची छागल, म्हणजे ती जाड कापडाची पिशवी. कुंदाबाई बरीच मागे, हातात गाईचा दोर, कमरेला विळा, ॲल्युमिनियमच्या डब्यात भाकरी आणि ठेचा. गुरांची वाट रुंद, पण वळसा घालून जाणारी. नानांना वळसा कधी मानवला नाही. ते खड्या पायवाटेनं चढले आणि अंजनाच्या झाडापाशी आले. तिथं गुरांची वाट येऊन मिळते आणि डावीकडं वर चढते. उजवीकडची अरुंद वाट नाल्यात शिरते.

डावीकडं ताजं शेण पडलं होतं. पुढच्या मातीत खुरांची खूण होती, आणि एक खूर जरा फाकलेला. कपिलीचा उजवा खूर तसाच फाकलेला होता. कुंदाबाईनं ते पाहिलं. नानांनी पाहिलं नाही, कारण ते आकाशाकडं बघत चालत होते. ते उजवीकडं वळले.

ती खोकली. नाना थांबले नाहीत. तिनं हात झटकून बांगड्या वाजवल्या. नाना थांबले, सुनबाई दमली असेल असं समजून धोंड्यावर बसले, बिडी ओढली, उठले आणि पुन्हा उजवीकडंच चालू लागले. शब्द तिच्या ओठांवर आला होता. 'नाना, डावीकडं' एवढंच म्हणायचं होतं. पण जन्मात न काढलेला आवाज काढायचा कसा? तिनं तो गिळला आणि त्यांच्या मागं निघाली.

नाला पुढं दुभंगला, मग पुन्हा दुभंगला. ऊन डोक्यावर आलं. सागाची पानं गळून रान उघडं पडलेलं, जिकडंतिकडं सारखंच दिसत होतं. नाना वाट चुकले होते आणि ते कबूल करायला त्यांना वेळ लागत होता, म्हणून ते भराभर चालत होते. एका धोंड्यावरून उतरताना पाय दोन दगडांच्या फटीत गेला, अंग एकीकडं आणि पाय दुसरीकडं. लाकूड मोडावं तसा आवाज कुंदाबाईनं लांबून ऐकला. छागल टोकदार दगडावर आपटून फाटली. ती धावत पोचेपर्यंत पाणी तापल्या दगडांनी पिऊनही टाकलं होतं.

नडगी घोट्याच्या वर वाकडी झाली होती. नानांनी दगडाला चार शिव्या दिल्या आणि उठायला लागले.

कुंदाबाईनं बाजूच्या पळसाकडं तोंड केलं. "झाडदादा, नानांले सांग, उठू नका म्हना."

नानांनीही पळसाकडंच पाहिलं. "झाडा, तिले सांग, गिरधर रानात लोळत पडनाऱ्यातला नाही."

असं म्हणत ते उठले, एक पाऊल टाकलं आणि पांढरेफटक पडून कोसळले. तिथं कुंदाबाईचा धीर सुटायला हवा होता. सुटली ती रीत. तिनं तोंडावरचा पदर मागं टाकला, त्यांच्यापुढं उकिडवी बसली आणि त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "नाना, आते हालू नका. हालले तर हाड बाहेर यी, आन् मंग मी काय करू?"

नाना पायाचं दुखणं विसरले. हिचा आवाज असा असतो, हे त्यांना आज कळत होतं.

तिनं बगलेत हात घालून त्यांना ओढत कपारीच्या सावलीत नेलं. वाळकी लाकडं विळ्यानं तासून पायाच्या दोन्ही बाजूंना लावली, नानांचं उपरणं घडी करून मधे भरलं आणि गाईच्या दोरानं बांधलं. बांधताना नानांनी दात असे आवळले की टोपी हलली. मग तिनं त्यांच्या पायाचा अंगठा चिमटला.

"कळतं का?"

"कळतं. जरा हळू."

"कळतं म्हणजे बरं शे. दोर जास्त आवळला नही."

नाना जरा वेळानं म्हणाले, "तू जाय. गावातून मानसं आन. मी बसतो."

हे तिच्याही मनात येऊन गेलं होतं. पण वाट कुठली? या उन्हात, पाण्याशिवाय, माहीत नसलेल्या नाल्यांतून ती फिरली असती तर संध्याकाळी एक माणूस इथं पडलेला आणि दुसरं तिथं. तिचा बाप पोरींना सांगायचा, वाट चुकली की आधी खाली बसायचं. शोधणारे येतात, आपण त्यांच्यापासून लांब पळायचं नाही. लोटनला ठाऊक होतं ते दोघं अंजनाकडं गेलेत. लोक येतील. तोवर नानांना जिवंत ठेवायचं, एवढंच काम तिच्यापुढं होतं, आणि ते ती करणार होती.

"मी कोठे जात नही," ती म्हणाली.

नानांना इतक्या वर्षांत कुणी असं उत्तर दिलं नव्हतं. त्यांनी डब्याकडं हात नेला. तिनं डबा ओढून घेतला. "पानी भेटेपर्यंत भाकर नही. तहान वाढस."

पहिला खड्डा तिनं नाल्यात मोठ्या धोंड्याच्या सावलीत खणला. विळ्यानं वाळू उकरली, हातांनी उपसली, नखं फाटली, आणि खाली निघाला खडक. ती तिथंच बसली आणि थोडं रडली. नानांना दिसू नये म्हणून पाठ फिरवून रडली. जीभ टाळूला चिकटत होती. मग तिला मधमाशा दिसल्या. एकामागून एक नाल्याच्या वळणाकडं चालल्या होत्या. वळणावर उंबराचं झाड होतं, आणि एवढ्या उन्हातही त्याला हिरवा पाला होता. माशा तिथल्या वाळूवर बसत होत्या.

तिनं तिथं खणायला घेतलं. कोपरभर खोल गेल्यावर वाळू गार लागली, मग ओली, मग तळाशी पाणी जमू लागलं. पहिलं गढूळ पाणी तिनं उपसून फेकलं. दुसऱ्यांदा जमलं ते पदरातून गाळून, भाकरी काढून रिकाम्या केलेल्या डब्यात घेतलं, नानांच्या काड्यापेटीनं तीन दगडांवर जाळ केला आणि डबा वर ठेवला.

"तहानेनं जीव चालला, आन् ही चहा ठेवते," नाना कपारीतून म्हणाले.

"जुलाब लागले तर याच पायवर उठशात का?"

तिनं पाणी निववून त्यांना घोटघोट पाजलं, डोक्याला ओलं फडकं ठेवलं. ते डबा हिसकायला बघत होते. तिनं दिला नाही.

ऊन कललं तशी तिनं जाळाभोवतीचा पाचोळा चांगला लांबपर्यंत झाडून काढला. वणवा पेटला तर शोधणाऱ्यांना दोन कोळसे सापडले असते. मग जाळावर उंबराचा ओला पाला टाकला. पांढरा धूर नाल्यातून सरळ वर चढला. ती पाला टाकत राहिली, धूर पातळ होऊ दिला नाही.

धुराकडं बघत नाना म्हणाले, "गाय इकडी आलीच नसंल."

कुंदाबाईनं जाळ सारखा केला. "डावीकडे गेली व्हती. फाट्यावर खूर दिसला व्हता माले."

नाना कोपरावर उठले. त्यांचा आवाज तीन शेतं पलीकडं जायचा, तोच आवाज आला. "मंग बोलली काऊन नाही?"

"कोनले बोलू, नाना? पोर कोठे व्हतं संगे?"

चिडायला नानांकडं भरपूर कारण होतं, पाय मोडला होता. पण रीत तर त्यांच्याच घरातली. त्यांनीच कितीदा पोराची वाट बघत, पुढ्यात उभ्या असलेल्या हिला न ऐकल्यासारखं केलं होतं. ते पुन्हा आडवे झाले. मग म्हणाले, "भाकर दे आता. तूबी खाय."

रात्री वरच्या अंगाला अस्वल हुंदडत होतं. कुंदाबाई जाळाजवळून हलली नाही. नाना वेदनेनं कण्हायला लागले की ती त्यांना बोलतं ठेवायची, आणि नाना जगात कुणालाच केळीची लागवड कशी येत नाही ते सांगत बसायचे.

उजाडलं तसं लांबवर माणसांचा आवाज आला. एकदा इकडून, एकदा तिकडून. नाल्यात आवाज फसवतो. ते येता येता पलीकडच्या फाट्याला वळायला लागले. कुंदाबाई धोंड्यावर चढली, छातीत वारा भरला आणि जी हाळी तिनं सासूनं टोकल्यापासून कधी मोकळ्या गळ्यानं दिली नव्हती ती दिली. "आऽऽ वो कपीऽऽऽ!" पुन्हा दिली. पुन्हा. तिकडून भटूची हाक आली. अशी हाळी या मुलखात दुसरं कुणी देत नव्हतं.

पुढं रात्रीच सावद्याहून परतलेला भटू, मागं लोटन, चार गडी आणि गावातले शालिग्राम आबा. कपिली काल संध्याकाळीच आपल्या पायांनी घरी आली होती, म्हणाले. गाय आली, माणसं नाहीत, तेव्हा गावात आरडाओरडा झाला. लोटनला मावळताना धूर दिसला होता, त्या दिशेनं पहाटे निघाले.

माणसं दिसताच कुंदाबाईचा हात आपोआप वर गेला आणि पदर नाकापर्यंत आला. ती बाजूला झाली. सगळे एकदम बोलू लागले. शालिग्राम आबा गावात लचक, मुरगळ काढायचे. ते बाह्या सारून बसले आणि दोराच्या गाठीला हात घातला. "हे काय बांधलं? सोडा. एक झटका देतो, जागेवर बसंल."

नानांनी तोंड उघडलं, पण त्यांना ग्लानी आली होती. भटू होकाराची मान हलवत उभा. कुंदाबाई पदराआडून ते हात बघत होती. कालही तिनं असंच बघितलं होतं, खूर आणि शेण, आणि गप्प राहिली होती. एकदा गप्प राहून पाय मोडला. आता राहिली तर नानांचा पाय जाईल. तिनं पदर मागं टाकला.

"आबा, दोरले हात लावू नका. हाड मोडलेलं शे, लचक नही. असंच दवाखान्यात न्यायचं. झोळी करा."

आबांचा हात गाठीवरच राहिला. भटू पुढं आला. "अगं, नानांसमोर…"

"मी नानांसाठीच बोलस," ती म्हणाली.

आबांनी हात काढला. घोंगडी आणि दोन बांबू, त्याची झोळी झाली. चौघं उचलून निघाले. कुंदाबाई सवयीनं सगळ्यांच्या मागं, पदर सावरत.

अंजनाच्या झाडापाशी झोळी खाली टेकली. आबा म्हणाले, खडी पायवाट धरा, जवळ पडंल. भटू म्हणाला, उतारावर झोळी निसटली तर? गडी एकमेकांकडं बघू लागले. आबांचा आवाज चढला.

झोळीतून नानांचा हात वर आला. आवाज अगदी बारीक होता, पण नानांचा म्हटल्यावर सगळे गप्प झाले.

"कुंदा कुठी हाये?"

आजवर त्यांनी तिचं नाव घेतलं नव्हतं. तिच्या बाजूच्या गड्यानं तिला वाट करून दिली. एक गडी मधे होऊन विचारू लागला, "नाना विचारतात…"

"तू बाजूले हो रे," नाना म्हणाले. "कुंदा, बोल. कुठून न्यायचं मले?"

ती झोळीजवळ आली. गुरांच्या वाटेवर तोच फाकलेला खूर, आता गावाकडं उतरत गेलेला, दिसत होता.

"गुरांच्या वाटेनं, नाना. लांब शे, पन सपाट शे. कपिली त्याच वाटेनं घर गयी."

"मंग पुढी चाल," नाना म्हणाले. "आम्ही येतो तुह्या मागं."

ती पुढं झाली. झोळी तिच्या मागून उतरू लागली.