लाल शिक्क्याचा पासपोर्ट

मित्रांनो, मी एक जुना जर्मन पासपोर्ट आहे. अकोल्यात अमरीन नावाच्या मुलीच्या घरी लोखंडी पेटीत असतो. माझ्या पुठ्ठ्यावर हिटलरच्या सरकारचा गरुड आहे आणि आत पहिल्याच पानावर एक मोठं लाल अक्षर, 'J'. ज्यू माणसाच्या पासपोर्टवर ते सरकार असा शिक्का मारायचं. म्हणजे हा आमचा नाही, याला कुठंही हाकला.

माझे मालक डॉक्टर हाइमान. मला घेऊन ते अकोल्याला आले, दवाखाना थाटला. त्यांची म्हातारी आई मात्र हॉलंडपर्यंतच पोचली होती. तिला इकडं आणायला इंग्रज सरकारची परवानगी हवी होती. मुलानं हमी दिली होती, फक्त साहेबाची सही राहिली होती.

तेवढ्यात, १९३९ साली, युद्ध पेटलं. जर्मनांना पकडा, असा इंग्रजांचा हुकूम सुटला. अमरीनचे पणजोबा अब्दुल रहीम दवाखान्यात कंपाउंडर होते. ते काकुळतीला आले. "डॉक्टरसाब, तुमी कचेरीत काहून जाऊन राहिले? बाळापूरले माह्या मामूच्या घरी चाला."

डॉक्टर हसले. "लाल अक्षर दाखवतो ना. त्यांनी मला हाकललं. मी त्यांचा कसा?"

मलाही तेच वाटलं हो. ज्या शिक्क्याची जन्मभर लाज वाटली, तोच आज कामी येईल म्हणून मी फुशारून गेलो होतो. कचेरीतले कारकून खुशालराव यांनी गरुड पाहिला आणि मला उघडलंसुद्धा नाही. "वरून हुकूम हाये, डॉक्टर. जर्मन म्हंजे जर्मन. मी काय करू?"

डॉक्टरांनी मला उघडून पुढं धरलं. "पान तर पाहा. माझी आई वाट पाहते." खुशालरावांनी शिपायाला हाक मारली. मला तोंड असतं तर मी बोंब मारली असती.

डॉक्टरांना तारेच्या कुंपणाआड टाकलं. आईचा अर्ज परत आला. हमी देणारा शत्रूदेशाचा, म्हणून परवानगी नाही. चार महिन्यांनी सरकारला चूक उमगली आणि डॉक्टर सुटले. त्यांनी अर्जावर अर्ज केले. पण मे महिन्यात हिटलरची फौज हॉलंडात शिरली आणि आईची पत्रं थांबली. युद्ध संपल्यावर कळलं, तिला छावणीत नेऊन मारलं होतं.

त्या दिवशी डॉक्टर मला चुलीत टाकायला निघाले. अब्दुल रहीम यांनी त्यांचा हात धरला. "राहू द्या. पोराइले दाखवू."

मित्रांनो, मी आज ना उद्या कसर लागून संपेन. तुमच्यातलं कोणीतरी मात्र उद्या कचेरीत खुर्चीवर बसेल. समोर एखादा माणूस कागद घेऊन उभा राहील. त्याला बसायला सांगा. त्याचं कोण, कुठं अडकलंय ते विचारा. डॉक्टरांच्या आईचं नाव क्लारा होतं. त्या कचेरीत ते कोणी विचारलं नाही.